हेलपाट्यांचाही खर्च असतो



आमच्या गटातल्या एका ताईंनी छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. वीजबिल होतं वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. ते बदलायला तालुक्याला पाच हेलपाटे झाले. पाच दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं आणि ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एकानं पैसे घेतले ते वेगळेच. पॅनेल गावात यायच्या आधीच खर्च सुरू!

सौर यंत्रणेचा खर्च म्हणजे नुसतं पॅनेल, इन्व्हर्टर आणि सांगाडा नव्हे. जागेची पाहणी, कागदपत्रं, वाहतूक, मजुरी, ठेकेदाराला गिऱ्हाईक शोधायला येणारा खर्च, हे सगळं शेवटी आपल्याच माथी पडतं. पॅनेलचा भाव आपल्या हातात नाही; हा वरखर्च मात्र बराचसा आहे.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही आठ जणींनी मिळून काम केलं. आधी बैठकीत सगळ्यांची वीजबिलं तपासली. बिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावानं करायचा. बँक खात्यावरही तेच नाव हवं. नावातली चूक आधीच दुरुस्त केली.

मग गरज मोजली. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला 100 ते 120 युनिट वीज मिळते. तेवढीच वीज लागत असेल, तर 3 किलोवॅटसाठी कर्ज कशाला काढायचं?

तीन नोंदणीकृत ठेकेदारांकडून लेखी दर मागवले. सामान, वाहतूक, मजुरी, सगळं वेगवेगळं लिहून घेतलं. आठही घरांची पाहणी एकाच दिवशी झाली, सामान एकाच टेम्पोतून आलं. त्यामुळे दर कमी करून मागता आला.

2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. ते थेट खात्यात येतं. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही. सरकारी पोर्टलवरच्या अर्जाला फी नाही, म्हणून मध्यस्थाला पैसे देऊ नका.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना वीजबिल आणि पासबुक सोबत आणा. त्यावरची नावं आधी जुळवून पाहू, पॅनेलचं मग बोलू.