डिस्क गेली की वीज कमी पडली?

घरच्या स्टोरेज सर्व्हरवरची हार्ड डिस्क एकाएकी दिसेनाशी झाली की निदान आधीच ठरलेलं असतं: डिस्क गेली. मग दुकान गाठायचं, नवी डिस्क आणायची. आठ दिवसांत तीही तसंच करू लागते, आणि घरातले दहा वर्षांचे फोटो टांगणीला लागतात. अशा वेळी पुष्कळदा डिस्क धडधाकट असते. तिला हवी तेवढी वीज, हवी त्या क्षणी मिळत नसते.

टेबलावरच्या संगणकात बसणाऱ्या साडेतीन इंची डिस्कला दोन प्रकारचा पुरवठा लागतो. तबकड्या फिरवणाऱ्या मोटरला १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटला ५ व्होल्ट. भरलेली बैलगाडी जागची हलवायला जोर लागतो, एकदा चाकं फिरली की ती सहज ओढली जाते. तबकड्यांचंही तसंच आहे. थांबलेल्या अवस्थेतून मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग गाठताना काही सेकंद एक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट घेते. वेग मिळाल्यावर तिचं काम साधारण ५ ते ८ वॅटमध्ये भागतं.

घोटाळा इथेच होतो. चार डिस्क चालताना जेमतेम ३० वॅट घेतात, म्हणून १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॅटचा अडॅप्टर पुरेसा वाटतो. पण चारही डिस्क एकदम सुरू झाल्या तर ९६ वॅट लागतात. व्होल्टेज कोसळतं, सर्किट बंद पडतं, मोटर थांबते. भार उतरताच व्होल्टेज सावरतं आणि डिस्क पुन्हा उठू पाहते. कान देऊन ऐका: घुर्र... टक्... शांत. पुन्हा घुर्र... टक्. तबकडीवरचा डेटा वाचणारं हेड खरोखर बिघडलं तरी जवळपास असाच आवाज येतो. म्हणून ती डिस्क पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका. खात्रीच्या, दमदार अडॅप्टरवर ती एकटी जोडून पाहा. तिथे ती नीट फिरली आणि दिसली, तर दोष बहुधा पुरवठ्याचा. काही सर्व्हरमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते. असेल तर ती जरूर वापरा.

अडीच इंची पोर्टेबल डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, पण सुरू होताना १ अँपिअरच्या आसपास मागू शकते. यूएसबी २ च्या पोर्टची हमी ०.५ अँपिअरची, यूएसबी ३ ची ०.९ ची. रास्पबेरी पाय ४ या छोट्या, एका बोर्डाच्या संगणकावर तर चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच मिळतात. अशा बोर्डावर दोन डिस्क लावायच्या तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून येणाऱ्या वायरींत काळी आणि पिवळी यांच्यामध्ये १२, काळी आणि लाल यांच्यामध्ये ५ व्होल्ट दिसायला हवेत. दोन्हींत पाच टक्क्यांची सूट. म्हणजे १२ चे ११.४ च्या खाली जाऊ नयेत, ५ चे ४.७५ च्या खाली नाही. मोजायचं ते डिस्क सुरू होताना, कारण भार नसताना थकलेला अडॅप्टरही झकास आकडा दाखवतो. मीटर क्षणिक घसरण टिपत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला तरी अडॅप्टर बदलून पाहावा. सैल कनेक्टर, तापलेली किंवा काळवंडलेली पिन दिसली तर ती केबल टाकून द्या. सप्लायची पेटी मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक व्होल्टेज असू शकतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुससारख्या गावात या कारणांना आणखी जोड मिळते. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, पण घरातलं व्होल्टेज ठरतं ते गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर. मे महिन्यात संध्याकाळी घरोघरी कूलर लागले की ते खाली येतं आणि लाइन येते-जाते. पारा ४५ अंशांच्या वर असतो, तेव्हा बंद कपाटातला अडॅप्टर त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्न कारखान्यांच्या या गावात धूळही भरपूर; ती पंख्याच्या पात्यांवर बसते, जाळ्या बुजवते आणि उष्णता आत कोंडते. महिन्यातून एकदा सर्व्हर बंद करून जाळी झाडावी आणि अडॅप्टर मोकळ्या हवेत ठेवावा.

लाइन अचानक गेली तर? इथे अभियंत्यांनी कमाल केली आहे. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वीज तुटताच फिरत्या तबकड्यांच्या जोरावर मोटरच जनरेटर बनते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेलं जातं. पण ही आणीबाणीची सोय आहे, रोजची नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो ‘स्मार्ट’ अहवाल ठेवते, त्यात अनेक कंपन्या १९२ क्रमांकावर अशा माघारींची नोंद ठेवतात. तो आकडा झपाट्याने वाढत असेल तर डिस्कची वीज वारंवार तुटते आहे. १९९ क्रमांकाच्या चुका वाढत असतील तर बहुधा डेटा केबल खराब आहे. शिवाय हेड वाचलं तरी अर्धवट लिहिलेली फाइल वाचत नाही. त्यासाठी यूपीएस हवा, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हरला स्वतःहून बंद करायला लावणारी त्याची केबलही.

एक गोष्ट मनाशी पक्की करावी. एकाच पेटीतल्या चार डिस्कवर तोच फोटो असला, तरी त्या चार प्रती नव्हेत, कारण बिघडलेला एक अडॅप्टर चारही डिस्क एकदम जाळू शकतो. एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वीज न लावता, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. तीनशे रुपयांची केबल बदलायची की हजारोंची डिस्क, हा हिशेब मग शांत डोक्याने करता येतो.