मेंढ्या धुताना वाळवण्याकडेही लक्ष द्या

अहिल्यानगर जिल्ह्याच्या माळरानावर दख्खनी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी भागातील अनेक कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. लोकर कातरण्यापूर्वी ओढ्यावर किंवा तलावावर मेंढ्या धुण्याची रीत मेंढपाळ बंधूंना नवी नाही. मात्र मेंढी धुवायला पाच मिनिटे लागतात आणि अंगावरची वाढलेली लोकर वाळायला कधी कधी दोन दिवस जातात. नुकसान होते ते बहुधा या दोन दिवसांत.

लोकर ओलावा धरून ठेवते. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही ती हाताला कोरडी लागू शकते. म्हणून वरून हात फिरवून मेंढी वाळली असे समजू नये. पाठीवर, मानेखाली व जांघेत लोकर बोटांनी फाकून कातडीपर्यंत पाहावे. ओली लोकर कातरून पोत्यात भरली तर ती तापते, कुजते आणि घोंगडीच्या कामाची राहत नाही. मेंढी तशीच रात्री उघड्यावर बसविली तर ती गारठते. अशक्त जनावरांना व कोकरांना त्यातूनच फुफ्फुसाचा दाह होण्याचा धोका असतो.

धुण्यासाठी स्वच्छ ऊन असलेला, वारा कमी असलेला दिवस निवडावा. सकाळी ऊन तापू लागले की काम सुरू करून दुपारपूर्वी संपवावे. ढगाळ हवेत हे काम पुढे ढकलणेच बरे. धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने लोकरीचा धागा खराब होतो. नुसत्या वाहत्या पाण्याने माती व घामाचे क्षार निघून जातात. धुतलेला कळप धुळीच्या वाड्यात न कोंडता गवताळ, कोरड्या जागेवर चरत ठेवावा. अलीकडे लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी, लोकर घोंगडीसाठी जाणार नसेल तर आधी धुण्याचा खटाटोप न करता कोरडीच कातरावी, असे आमचे मत आहे.

गोचीड, उवा व खरजेसाठी द्यावयाचे औषधी स्नान मात्र टाळू नये. कातरणीनंतर दहा-बारा दिवसांनी, कात्रीच्या जखमा भरल्यावर ते द्यावे. तोवर लोकर आखूड असते, औषध कातडीपर्यंत पोचते आणि अंगही काही तासांत वाळते. स्नानापूर्वी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजावे. तहानलेली मेंढी हौदातले पाणी पिते आणि विषबाधा होते. जखमी, आजारी, जास्त दिवसांच्या गाभण मेंढ्या व लहान कोकरे यांना हौदात घालू नये. कान, जांघा व शेपटीखालचा भाग नीट भिजवावा. मेंढीगणिक पाण्यातील औषध कमी होत जाते; म्हणून मोठ्या कळपासाठी मधूनमधून ठरल्या प्रमाणात नवे द्रावण घालावे लागते.

औषध पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, जनावरांसाठी असलेलेच घ्यावे. प्रमाण बाटलीवर पाहावे. कांद्यावर किंवा कपाशीवर फवारायचे औषध स्वस्त पडते म्हणून मेंढ्यांना वापरणे जिवावर बेतते. बीएचसी पावडरीवर आपल्या देशात 1997 पासून बंदी आहे. जुन्या घरात एखादा डबा उरला असेल तरी तो वापरू नये. लहान कळपासाठी पाठीवरचा पंप चालतो, पण तणनाशकाचा पंप या कामाला घेऊ नये.

हौदातून निघालेली मेंढी थोडा वेळ निथळू द्यावी, मग सावली व मोकळी हवा असलेल्या जागी वाळवावी. लगेच कडक उन्हात लांब पल्ल्याची चाल करू नये. दुभत्या मेंढ्यांची कास कोरडी झाल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसावी आणि मगच कोकरे आईखाली सोडावीत. हे काम घरातल्या बायका-मुलांकडे असते, तेव्हा त्यांना ते आधीच सांगून ठेवावे. उवांच्या लिखा औषधाने सहसा मरत नाहीत, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरे स्नान द्यावे लागते.

उरलेले द्रावण ओढ्यात, विहिरीजवळ किंवा कालव्यात ओतू नये. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधे अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात. पाण्यापासून दूर, जनावरे चरत नाहीत अशा पडीक जागी खड्डा घेऊन ते जिरवावे आणि खड्डा मातीने बुजवावा.