खिळ्यांवाचून राहिलेली लिपी

हिंदुस्थानात आलेले पहिले मुद्रणयंत्र हिंदुस्थानासाठी धाडलेले नव्हते. इ. स. १५५६ च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजांतून ॲबिसीनियाचा, म्हणजे हबशांच्या देशाचा, नियुक्त धर्माधिपती आपल्या जेझुइट सहकाऱ्यांसह निघाला होता आणि यंत्र त्यांच्याच सामानात होते. परंतु ६ सप्टेंबरला गोव्यास पोहोचल्यावर हबशी राजाची मर्जी अनुकूल नसल्याचे कळून पुढील प्रवास तहकूब झाला, आणि यंत्राचा मुक्काम जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात पडला. हुआन दे बुस्तामांते हा स्पॅनिश धर्मबंधू त्याचा मुद्रक. ऑक्टोबरात त्याने जे पहिले छापले ते राजाज्ञापत्र नव्हते, स्तोत्रही नव्हते. विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडावयाचे ते सिद्धान्त होते. ज्या भूमीत पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मांडून शास्त्रार्थ करण्याची परिपाठी शतकानुशतके चालत आली होती, तेथे छापील कागदाचा प्रवेशही वादसभेसाठीच व्हावा, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

या यंत्राच्या आगमनाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या पोर्तुगीज राजसत्तेच्या जहाजांतून ते आले तिच्याच हुकमाने गोव्यातील देवालये जमीनदोस्त झाली, १५६० साली धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसले, आणि हिंदुस्थानातील वनौषधींवर १५६३ मध्ये गोव्यातच अजोड ग्रंथ छापविणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या अस्थी, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्या न्यायालयाने उकरून जाळल्या. एतद्देशीय पोथ्याही पाद्र्यांच्या हाती पडल्या. पण त्यांतील काही त्यांनी रोमन अक्षरांत उतरवून अभ्यासिल्या, आणि पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कोंकणी व मराठी कथांची अशी बाडे आजही आहेत. ज्या हातांनी हिरावून घेतले त्याच हातांनी जतनही केले. या जतनाने त्या अपहाराची भरपाई होत नाही.

अशा वातावरणात इंग्लंडमधील विल्टशरचा थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः गोव्यातील सासष्टीत, तेथल्या लोकांच्या भाषा शिकण्यात व शिकविण्यात घालविले. त्याचे मनोगत १६०८ साली त्याने जेझुइट संघाच्या रोममधील मुख्याधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ दिसते. मलबारात तमिळ अक्षरांची पुस्तके निघतात, मग येथील भाषेची पुस्तके येथील लिपीत का निघू नयेत, अशी त्याची तळमळ होती. अडचणही त्याने सांगितली: युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे काना, मात्रा व जोडाक्षरे धरून सहाशे साचे ओतावे लागतील. ती संख्या दोनशेंपर्यंत उतरविता येईल, असा मार्गही त्याने सुचविला. मराठी जोडाक्षरांशी खिळ्यांच्या हिशेबाने झगडणारा हा पुरुष, आणि तो परदेशी! पुढे जुळाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ज्या पेटीपुढे उभ्या राहून खिळे वेचीत आल्या, तिचा विचार त्याच्या मनात तेव्हाच चालू होता.

त्या साच्यांना मूर्त रूप आले नाही. म्हणून १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, ज्यांत ख्रिस्ताची कथा आपल्या पुराणिकांच्या थाटात सांगितली आहे आणि मराठी भाषेची थोरवी जिव्हाळ्याने गायिली आहे, त्या परक्या अक्षरांत शिरल्या. 'ट', 'ड', 'ळ' यांसाठी रोमन अक्षर जोडीने लिहिण्याची युक्ती करावी लागली. त्याच्या मरणानंतर १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले, तेव्हा ग्रंथाचा राजाश्रयच आटला.

यंत्राने सोडलेले पुराण पुढे लेखणीने सांभाळले. भाविक हस्तलिखिते करीत राहिले, आणि त्यांतील एक नागरी प्रत लंडनमधील मार्सडेन संग्रहात सापडली. १९०७ मध्ये मंगळुरास जोसेफ साल्डाना यांनी ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमनमध्ये. १९५६ साली, म्हणजे ते यंत्र गोव्याच्या धक्क्याला लागल्याला बरोबर चारशे वर्षे होत असता, पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण नागरी खिळ्यांत छापून प्रसिद्ध केले.