मराठी फाइल उघडली आणि भलतीच अक्षरं दिसली?

नव्या पेठेतल्या ओळखीच्या चादरवाल्या काकांनी परवा जुनी दरपत्रकं दाखवली. नव्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं!

फाइल बिघडलेली नव्हती. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसला की मराठी गायब.

याउलट युनिकोड या सामायिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे; देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. म्हणून मोबाइल असो वा मेल, मजकूर तोच दिसतो. दुकानाचे कागद तरी युनिकोडमध्येच ठेवा.

युनिकोडमध्ये टाइप करायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी जोडा, ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते.

सोबत कागदपत्रं लिहायला लिब्रेऑफिस आणि ‘मुक्ता’ फॉन्ट घ्या. दोन्ही मोफत, दोन्ही उत्तम.

जुन्या फाइल अडल्यात? फॉन्टचं नाव कळवा, मार्ग काढू.