उदासिनीकरण : सूत्राआधी मिलिमोल

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मिळून 100 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. एवढ्या वेळात उदासिनीकरणाचे गणित सोडवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे मिलिमोल मोजणे. मोलॅरिटी गुणिले मिलिलिटर म्हणजे मिलिमोल; त्याला रेणूमागे सुटणाऱ्या आयनांच्या संख्येने गुणायचे. 25 मिली 0.1 मोलर सल्फ्युरिक आम्लात आम्ल 2.5 मिलिमोल, पण हायड्रोजन आयन 5 मिलिमोल. म्हणून 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 50 मिली लागते. 25 मिली हे उत्तर दोनाने गुणायला विसरणाऱ्याचे.

नॉर्मॅलिटीचे सूत्र हेच करते, मग वेगळी पद्धत कशाला, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण पूर्ण उदासिनीकरणापुरताच. 50 मिली 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात 50 मिली 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले तर ते सूत्र सामू सांगत नाही. मिलिमोल सांगतात: 10 उणे 5, उरले 5; एकूण आकारमान 100 मिली, संहती 0.05 मोलर, सामू 1.3. आकारमानांची बेरीज इथे हमखास राहून जाते. अ‍ॅसेटिक आम्ल दुर्बल, म्हणून त्याला आम्लारी कमी पुरेल, हा समजही चुकीचा आहे. हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयन काढून घेत राहतात तसे उरलेले रेणू विघटित होत जातात, त्यामुळे वजाबाकी तीच राहते. फरक पडतो तो नंतरच्या सामूत: निम्मे आम्ल संपले की सामू पीकेएइतका, म्हणजे सुमारे 4.74.