स्विमिंग पूल असलेला फ्लॅट भाड्याने हवाय? टोकन देण्याआधी हा हिशेब करा

केनवड (जि. वाशिम) : पाठीला रिकामा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आता नोकरीसाठी पुण्यात घर शोधत आहे. मोबाइलवर जाहिरात दिसते : ‘टू बीएचके, जिम, स्विमिंग पूल, भाडे परवडणारे.’ फोटोतले निळे पाणी पाहून टोकन पाठवायचा मोह होतो. पण केनवडसारख्या गावातल्या अनेक घरांत डिपॉझिटची रक्कम सोयाबीनच्या पैशातून उभी राहते. म्हणूनच पुढचे मुद्दे समजून घ्या.

पूल खरेच किती रुपयांना पडतो?

समजा, एकाच भागात पूल नसलेला फ्लॅट १६ हजारांना आणि पूल असलेला २० हजारांना मिळतो. फरक महिन्याला ४ हजार, म्हणजे ११ महिन्यांत ४४ हजार रुपये. महिन्यातून आठ वेळा पोहलात, तर एका वेळचे ५०० रुपये झाले. दोनदाच उतरलात, तर २ हजार! तिघे मित्र मिळून राहणार असाल, तर हाच फरक तिघांत वाटला जातो. म्हणून आधी स्वतःला विचारा : आपण आठवड्यातून किती दिवस पोहणार?

रोज पोहणे हीच गरज असेल, तर साधा फ्लॅट घेऊन सार्वजनिक तलावाची फी भरणे हाही पर्याय आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जलतरण तलाव आहे. आपल्या भागात महापालिकेचा तलाव आहे का, त्याची फी आणि वेळ काय, हेही विचारून घ्या.

मेंटेनन्स कोण भरणार?

पूलचा खर्च भाड्यात नाही, मेंटेनन्समध्ये दडलेला असतो. फिल्टर, पंपाची वीज, क्लोरीन, जीवरक्षकाचा पगार हे सगळे त्यात येते. त्यामुळे ‘भाडे मेंटेनन्स धरून की वेगळे?’ हा पहिला प्रश्न.

फ्लॅट भाड्याने दिला की सहकारी गृहनिर्माण संस्था मालकाकडून बिनवापर शुल्क घेऊ शकते. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. ते मालकाने भरायचे की तुम्ही, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

भाडेकरूला पूल वापरता येतो का?

मालक ‘हो’ म्हणाला, एवढ्यावर थांबू नका. काही सोसायट्यांत भाडेकरूसाठी वेगळी फी, ठराविक वेळ किंवा पाहुण्यांना बंदी असे नियम असतात. सोसायटीच्या ऑफिसमध्ये नियम विचारा आणि पूल वापरण्याचा उल्लेख करारात घ्या. नव्या प्रकल्पात ‘पूल लवकरच सुरू होईल’ असे सांगितले, तर तो नाही असे समजूनच भाडे ठरवा.

पाण्याचे काय?

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये ६० हजार लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे सहा टँकर. सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर चालत असेल, तर पूल सर्वांत आधी बंद होण्याची शक्यता असते. मार्च २०२४ मधील टंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पूलसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती.

फ्लॅट पाहायला गेलात की पूलही पाहा. तळ स्पष्ट दिसतो का? जीवरक्षक आहे का? खोलीचे आकडे लिहिले आहेत का? पाणी हिरवट किंवा गढूळ असेल, तर देखभालीत गडबड आहे.

करार नोंदवायलाच हवा का?

हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ११ महिन्यांच्या करारालाही सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. उदाहरणार्थ, २० हजार भाडे, ६० हजार परत मिळणारे डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार. एकूण भाडे २,२०,००० रुपये, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज ५,५०० रुपये. या बेरजेवर शुल्क होते साधारण ५६४ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये वेगळी. हा खर्च कोणी करायचा, तेही आधीच ठरवा.

डिपॉझिटचे काय?

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे डिपॉझिट सुचवले आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे रक्कम घासाघीस करूनच ठरते. ती किती दिवसांत परत मिळेल आणि रंगकामाचे किती कापले जातील, हे करारात हवे. ताबा घेताना घराचा व्हिडिओ काढून ठेवा.

फसवणूक कशी ओळखाल?

गावाहून फ्लॅट न पाहता पैसे पाठवणारे सहज जाळ्यात सापडतात. ‘मी लष्करात आहे, गेट पाससाठी आधी पैसे टाका’ किंवा ‘क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे परत येतील’ असे कोणी सांगितले, तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्वतः जाता येत नसेल, तर शहरातल्या ओळखीच्या माणसाला फ्लॅट पाहायला पाठवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.