चौदा वर्षांचा हिशेब

गावात कोणाला जन्मठेप झाली की घरची माणसे बोटांवर वर्षे मोजू लागतात. चौदा भरली की तो परत येणार, असे सारेच धरून चालतात. ही समजूत खरी नव्हे. तिच्या भरवशावर दिवस काढणाऱ्या घरांची पुढे फार निराशा होते, म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जन्मठेप म्हणजे उरलेल्या आयुष्यभराचा कारावास. मिळालेली सूट धरून आपली वीस वर्षे पुरी झाली, असे सांगून गोपाळ विनायक गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे सुटका मागितली होती. १९६१ साली न्यायालयाने ती नाकारली.

मग चौदा वर्षे आली कोठून? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालण्यात आले. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकते, त्यासाठी जन्मठेप भोगणाऱ्यास निदान चौदा वर्षे तुरुंगात काढल्यावाचून शासनाला या कायद्याखाली सोडता येत नाही. चांगल्या वर्तनाची सूटही ही मुदत कमी करीत नाही. तेव्हा चौदावे वर्ष म्हणजे सुटकेचा दिवस नव्हे. तो केवळ उंबरठा होय.

उंबरठ्यापुढचा निर्णय शासनाचा. गुन्ह्याचे स्वरूप, पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव, घरची परिस्थिती यांचा विचार होतो. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मतही मागविता येते. ज्या घरातील माणूस मारला गेला, त्या घरचे दुःख चौदा वर्षांनी संपत नाही, हेही आपण विसरू नये.

सीमाभागातील कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंदिवान कोणत्या राज्याच्या तुरुंगात आहे यावर निर्णयाचा अधिकार ठरत नाही. ज्या राज्यात खटला चालून शिक्षा झाली, तेथील शासनाचा तो अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक दिलासा दिला. मुदतपूर्व सुटकेचे धोरण असलेल्या राज्याने पात्र बंदिवानांचा विचार आपण होऊन करावयाचा आहे. अर्जाची वाट पाहावयाची नाही. तरीही घरच्यांनी स्वस्थ बसू नये. तुरुंगाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. तेथे बंदिवानास वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

खोट्या हिशेबाने मन फसवून घेण्यापेक्षा खरा कायदा जाणून वाट पाहिलेली बरी. आणि वाट पाहत असता पत्र आणि भेट चुकवू नये. चौदा वर्षांनी दार उघडलेच, तर त्याला परतावयास घर उरले पाहिजे.